म्हैस पान्हा चोरते तेव्हा: मनातलं कुढणं घरात सांडू नये म्हणून काय करावं

मी गेली एकतीस वर्षं बेळगावात दूध घालतो. गाव उचगाव, वेंगुर्ला रस्त्यावरचं. पहाटे चारला उठून धारा काढायच्या, साडेपाचला गाडीला किटल्या अडकवायच्या आणि सुळगा, हिंडलगा, गणेशपूर करत कॅम्पातून टिळकवाडीपर्यंत जायचं. बेचाळीस घरांचा रतीब आहे. दिवसभर माणूस चेहरा सावरून हिंडतो, पण पहाटे दुधाचं भांडं पुढं करताना तो सावरलेला नसतो. त्या घरात आदल्या रात्री काय झालं असेल ते मला विचारावं लागत नाही.

त्या दारांत जे बघितलं आणि माझ्याच गोठ्यात जे घडलं, त्यावरून मला एक गोष्ट पक्की कळली. मनात धरलेलं दुःख आपण बोलून दाखवलं नाही, म्हणून ते आपल्यापुरतं राहत नाही. ते हाताला उतरतं, पावलांना उतरतं आणि आपल्या आधी घरात शिरतं. ते ओळखायचं कसं आणि त्याचं करायचं काय, ते मला जमलं तसं सांगतो. आधी म्हशीचं सांगतो, कारण शिकवलं तिनंच.

२०१४ साली आमची वाटणी झाली. मी आणि धाकटा भाऊ, तीन एकर बारा गुंठे जमीन. एका बांधावरून बिनसलं. आम्ही मारामारी केली नाही, कोर्टात गेलो नाही. नुसतं बोलणं थांबलं. मी स्वतःची समजूत घातली होती की आपण शहाणपणानं वागतोय, कुणाला शिवी देत नाही, बायकापोरांवर हात उगारत नाही, जे काय आहे ते आपल्या छातीत आहे.

चांदी नावाची आमची म्हैस होती, कपाळावर पांढरा टिळा. सकाळच्या धारेला पाच लिटर देणारी. त्या पावसाळ्यानंतर ती साडेतीनावर आली. वैरण तीच, सरकी पेंड तीच. जनावरांच्या डॉक्टरांना आणून कास दाखवली. कासदाह नाही, ताप नाही, रवंथ नीट. रेडकू सोडलं की ती पान्हा घालायची आणि मी बसलो की चोरायची. आई ओसरीवरून चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "म्हशीला काय झालेलं न्हाई. तुझा हात बघ."

मी हात बघितला. नखं पांढरी पडतील इतकी मूठ आवळलेली होती. मनात भावाशी भांडण चाललं होतं आणि त्याचा सगळा जोर सडावर येत होता. दुसऱ्या दिवसापासून घरची धारेला बसली. तिसऱ्या दिवशी साडेचार लिटर, आठवड्यात पाच.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. म्हशीच्या सडाजवळ साठलेलं दूध फार थोडं असतं. बहुतेक दूध वर कासेतल्या बारीक पिशव्यांत असतं. रेडकू चाटलं, कास कोमट पाण्यानं धुतली, ओळखीचा हात लागला की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात येतं, त्या पिशव्या आवळतात आणि दूध खाली उतरतं. तोच पान्हा. जनावर दचकलं, धास्तावलं की अॅड्रेनलिन नावाचं दुसरं द्रव्य सुटतं आणि हे काम अडतं. दूध आत असतं, पण येत नाही. काही लोक त्याच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून दूध काढतात. तो कायद्यानं गुन्हा आहे आणि जनावराचे हाल आहेत. मी ते कधी केलं नाही. त्या इंजेक्शनाची आठवण पुढं परत काढणार आहे.

आता माणसांकडे येतो. आपलं कुढणं घरभर पसरलंय का, हे स्वतःच्या मनाला विचारून कळत नाही. मन म्हणतं, मी काय केलंय कुणाचं? म्हणून दुसऱ्यांकडे बघावं. टिळकवाडीत एका घरी सात-आठ वर्षांचा मुलगा दूध घ्यायला यायचा. एरवी उड्या मारत यायचा. वडील घरात असले की चवड्यांवर चालत यायचा आणि हळूच सांगायचा, "मामा, किटलीचा आवाज करू नका." वडील वाईट नव्हते. मला कधी अधिक-उणं बोलले नाहीत, महिन्याचे पैसे एक तारखेला चुकते. कर्जात बुडाले होते हे मला फार नंतर कळलं. त्या पोराला कर्ज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण चवड्यांवर चालायचं मात्र माहीत होतं.

त्या दिवशी घरी येताना मी गाडी नेहमीसारखी दारात आणली नाही. गल्लीच्या तोंडाशी बंद केली आणि ढकलत आणली. आत लेकीची आणि लेकाची कशावरून तरी हसाहशी चालली होती. मी खोकलो. आतला आवाज बंद झाला. लेकानं पुस्तक उघडल्याचा आवाज मी ऐकला.

तुम्हाला ओळखायचं असेल तर हेच करा. तुम्ही यायच्या आधीचं घर आणि आल्यानंतरचं घर, दोन्ही एकदा ऐका. तुम्ही आत आलात की कोण उठून जातं, कुणाचं बोलणं अर्ध्यात थांबतं, पोरं पैसे मागायला तुमच्याकडे येतात की आईमार्फत निरोप धाडतात, ताटात काय कमी पडलं तर कोण सांगतं. आठ दिवस नुसतं बघा, कुणाला काही बोलू नका. भांडी आपटण्याकडे फार लक्ष देऊ नका. भांडी आपटणारं माणूस निदान सांगत तरी असतं. जिथं भांड्यांचा आवाजच येईनासा होतो, त्या घराची मला जास्त काळजी वाटते.

एक गोष्ट इथंच सांगतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. हे सगळं मी मुख्यतः घरातल्या कर्त्या माणसाला सांगतोय: बापाला, नवऱ्याला, सासूला, थोरल्या भावाला. आमच्याकडे घर आनंदी ठेवायचं काम सुनेवर टाकायची रीत आहे. तिनं हसतमुख असावं, तिनं सगळ्यांचं मन राखावं. ज्याच्या हातात पैसा आणि शब्द, त्याचा मूड सगळ्या घराला सोसावा लागतो. सुनेला रुसायचीसुद्धा सवड नसते. तेव्हा सुरुवात वरच्यानं करायची. आणि जिथं मारहाण आहे, तिथं या लेखातली कुठलीच युक्ती लावत बसू नका. तो मूड नव्हे, गुन्हा आहे. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तो लावा.

ओळखल्यानंतर पहिलं काम म्हणजे एक वाक्य बोलणं. मला ते बोलायला चार वर्षं लागली. २०१८ च्या थंडीत एका रात्री चुलीपाशी बसून मी म्हटलं, "बांधाचं डोक्यातनं जाईना झालंय. तुमच्यावर राग न्हाई." घरची भाकरी थापत होती, ती थांबली. म्हणाली, "मला वाटालतं माझंच काय तरी चुकालंय." चार वर्षं ती रोज स्वतःत चूक शोधत होती. माझ्या गप्प बसण्यातून तिनं हे उचललं होतं, आणि मी समजत होतो की मी तिला त्रासातून वाचवतोय.

त्या वाक्यात दोन गोष्टी लागतात. त्रास कशाचा आहे, आणि तो कुणावर नाही. "दुकानात आज उधारी बुडाली, तुझ्यावर चिडलो नाही." "गुडघा फार दुखतोय, पोरी, म्हणून बोलत नाही." एवढंच. तिसरी एक गोष्ट जोडता आली तर चांगलं, आपल्याला काय हवं ते: "अर्धा तास गोठ्यात बसतो, मग जेवू." सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ताटावर बसून बोलू नये, घास अडकतो. दारातून आत येता येताही नको. हातपाय धुऊन झाल्यावर, समोरचा माणूस बसलेला असताना बोलावं.

आणि "काय झालंय?" असं कुणी विचारलं की "काय न्हाई" हे उत्तर सोडून द्यावं. "काय न्हाई" ऐकणारा माणूस लगेच आपल्याच खात्यात शोधायला लागतो. बोलायचं नसेल तर "आहे काहीतरी, उद्या सांगतो" म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

मुलांना सांगताना एक पथ्य आहे, जे मी पाळलं नाही. मुलांना दुःख सांगावं, पण बाजू घ्यायला लावू नये. मी पोरांना कधी "काकाकडे जाऊ नका" म्हटलं नव्हतं. तरी चार वर्षं ती चुलतभावंडांशी खेळली नाहीत. गणपतीत एकाच गल्लीत दोन्ही घरची पोरं दोन कडेला उभी असायची. ती चार वर्षं मी त्यांना परत देऊ शकत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरं काम उंबऱ्यावरचं. अनगोळच्या वाटेवर एक भाडोत्री कुटुंब माझ्या रतिबात होतं. नवरा उद्यमबागेच्या कारखाने-वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, रात्रपाळीला. त्याची घरी यायची आणि माझी दूध घालायची वेळ एकच. तो सायकल लावायचा, बाहेरच्या नळावर हातपाय, मान, कान सगळं धुवायचा, आणि मग पायरीवर दोन-तीन मिनिटं नुसता बसायचा. आत बायको चहा घेऊन थांबलेली दिसायची. एकदा मी विचारलं, "दमला असशील, आत जाऊन बस की." म्हणाला, "भट्टी घेऊन आत जायची न्हाई, मामा." दोन खोल्यांचं घर, पगार बेताचा, पण त्या दारात माझं दूध कधी मुकाट्यानं घेतलं गेलं नाही. कन्नड कुटुंब होतं. ती बाई रोज विचारायची, "आराम अदीरी?", म्हणजे बरे आहात ना, आणि उत्तर ऐकेपर्यंत भांडं मागं घ्यायची नाही.

बाहेरून आल्यावर पाय धुवायची रीत आपल्या आजोबा-पणजोबांपासून आहे. आता बाथरूम आत गेली आणि ती दोन मिनिटंही गेली. ती परत आणावीत. पायरीवर बसा, गाडीवरच बसा, नाहीतर जिन्यात थांबा. त्या वेळात मोबाईल काढायचा नाही. मोबाईल काढला की दुसरीच भट्टी पेटते. श्वास हळू सोडत दहापर्यंत मोजा आणि मूठ उघडी आहे का ते बघा. मी अजून धारेला बसण्याआधी दोन्ही तळवे एकदा पूर्ण उघडून बघतो.

तिसरी गोष्ट आमच्या घरापुरती आहे, पण कुणालाही करता येईल. गोठ्याच्या दाराला एक खुंटी आहे. ज्या दिवशी माझं मन ठिकाणावर नसतं, त्या दिवशी मी खांद्यावरचा टॉवेल त्या खुंटीवर अडकवून आत येतो. घरात सगळ्यांना माहीत आहे की टॉवेल खुंटीवर म्हणजे बाबांचं आज काहीतरी आहे आणि ते आपल्यामुळं नाही. कुणी विचारत नाही, कुणी घाबरत नाही. चहा होतो, मग मी सांगतो. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला खुंटी फार उपयोगी पडते. फक्त एक नेम हवा: झोपायच्या आधी टॉवेल काढून आणायचा आणि काय झालं ते सांगायचं. रात्रभर तो तिथं राहिला तर ती खुंटी धाकाची होते.

आता ते इंजेक्शन. "तोंड पाडून काय बसलाय, हसा की!" "नेहमी सकारात्मक राहावं." असं बोलणारी माणसं मनानं चांगली असतात, पण ते इंजेक्शनच आहे. रडं आलेल्या पोराला हसायला लावलं की ते हसतं, आणि दुसऱ्यांदा तुमच्यासमोर रडत नाही. आपणही ओढूनताणून हसू नये. घरातल्यांना ते म्हशीइतकंच चटकन कळतं. चेहऱ्यावर आनंद आणता येत नसेल तर हाताचं काम सावकाश करावं. भाजी निवडा, पोराच्या वहीला कव्हर घाला, आईच्या पायाला तेल लावा. हात मऊ झाला की पाठोपाठ आवाज मऊ होतो, असा माझा अनुभव आहे. तेही जमत नसेल तर हात बदला. त्या दिवशी धारेला दुसऱ्यानं बसावं, पोराचा अभ्यास दुसऱ्यानं घ्यावा.

थोरली लेक समाजकार्य शिकली. तिनं मला अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं, १९७० च्या दशकातला. आई तान्ह्या बाळाशी खेळत असते. मग तिला सांगतात, दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेव. ती रागवत नाही, ओरडत नाही, नुसती गप्प बघते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, किंचाळतं आणि शेवटी तोंड फिरवतं. हे ऐकताना मला माझी चार वर्षं दिसली. पण लेक पुढं म्हणाली, "बाबा, नंतर आई परत हसली की बाळ सावरतं की." ते मी धरून ठेवलं. म्हणून सांगतो, चूक झाली की त्याच दिवशी जोडून घ्या. रात्री पोराच्या अंथरुणापाशी बसून "सकाळी मी उगाच खेकसलो" म्हटलं तरी पुष्कळ होतं.

आनंदही असाच पसरतो. लेकीनंच सांगितलं की २००८ साली फाउलर आणि ख्रिस्ताकिस या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या ४,७३९ माणसांची १९८३ ते २००३ अशी वीस वर्षांची माहिती तपासली. जवळ राहणारा मित्र आनंदी झाला की आपणही आनंदी होण्याची शक्यता वाढते, आणि ती लाट मित्राच्या मित्राच्या मित्रापर्यंत दिसते, असं त्यांना आढळलं. काही अभ्यासकांनी यावर शंका घेतली आहे, कारण आनंदी माणसं मुळातच एकमेकांना धरून राहतात. शास्त्राचं शास्त्रानं बघावं. मी एवढं सांगू शकतो की "आराम अदीरी?" विचारणाऱ्या त्या दारावरून पुढं गेलो की पुढच्या चार दारांत मी स्वतःहून दोन शब्द जास्त बोलतो. म्हणून विचारताना थांबून विचारावं. आपल्याकडे मराठीत काय, कन्नडमध्ये काय, "आराम?" हाच शब्द आहे. तो विचारायचा आणि उत्तर येईस्तोवर उभं राहायचं. घरी आल्यावर दिवसातली एक चांगली गोष्ट नावगाव घेऊन सांगायची. "दिवस बरा गेला" एवढ्यानं पोरांना काही मिळत नाही. "हिंडलग्याच्या आजींनी आज मला चहा पाजला" म्हटलं की पोरगं विचारतं, कोण आजी?

हे सगळं करून मूळ मात्र तसंच राहिलं तर फार दिवस पुरत नाही. माझं मूळ बांधात होतं. मी दोन वर्षं देवाला नवस बोलण्यात घालवली. शेवटी घरची म्हणाली, "मोजून घ्या की एकदा." मी भावाच्या दारात गेलो. वाद काढला नाही, उतारा पुढं ठेवला आणि म्हटलं, "दोघं मिळून मोजणीचा अर्ज देऊया, खर्च निम्मा-निम्मा." तो बराच वेळ उतारा बघत बसला. मग आतून त्याची बायको पाणी घेऊन आली. मोजणीत फरक निघाला दोन गुंठ्यांचा, आणि तोही आम्हा दोघांना वाटत होता त्याच्या उलट बाजूला. दगड रोवले. आम्ही गळ्यात पडलो नाही. अजूनही पाऊस, वैरण आणि रताळ्याचा भाव एवढंच बोलतो. पण पोरं एकत्र खेळायला लागली. तुमचं मूळ कागदानं सुटणारं असेल, मोजणीनं, हिशेबानं, हप्ते बांधून घेतल्यानं, तर त्याला मनाच्या युक्त्या लावत बसू नका. कागद करा.

आणि काही कुढणं हे आजारपण असतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत उदास आहे, आवडीच्या कामातही रस नाही, झोप उडाली किंवा दिवसभर पडूनच राहावंसं वाटतं, जेवण तुटलं, तर खुंटी आणि पायरी पुरत नाही, डॉक्टर लागतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. टेलीमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लावला तरी चालतो. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर त्याला त्या दिवशी एकटं सोडू नका. अशा माणसाजवळ राहणाऱ्यानं दहा वेळा "काय झालं" विचारू नये. शेजारी बसून काम करावं, जेवायला हाक मारावी, दवाखान्यात सोबत जावं. आणि त्याचं दुःख आपल्यामुळं आहे असं धरू नये. हे सगळ्यात अवघड. माझ्या घरच्यांना ते चार वर्षं जमलं नाही, कारण मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

चांदी आता नाही. तिची रेडी आहे, आता तिसऱ्या वेताची. लेक तिची धार काढतो, त्याचा हात माझ्यापेक्षा मऊ आहे. तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अजून घरात फार बोलत नाही. परवा संध्याकाळी मी वैरण घेऊन आलो तर गोठ्याच्या खुंटीवर त्याची कॉलेजची बॅग अडकवलेली होती. मी काही विचारलं नाही. हातपाय धुतले आणि दोघांचा चहा ठेवला.